डॉक्टर कुणाशी बोलतात?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

करमाड, लाडगाव, कुंभेफळ, शेंद्रा, दुधड, गाढे जळगाव आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर जिथं जिथं हा आवाज पोचतोय, तिथल्या सगळ्या ताई, वहिनी, मावश्या आणि आज्यांशी आज आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आज हप्त्याचं, व्याजाचं, शेळीच्या कर्जाचं बोलणार नाही. आज डॉक्टरांच्या बोलण्याबद्दल बोलायचंय. त्यांच्या औषधाबद्दल नाही, फीबद्दलही नाही. ते आपल्याशी कसं बोलतात, आणि त्या बोलण्यानं आपलं समाधान होतं का, एवढंच. विषय हलका वाटेल. पण डॉक्टरच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात किती बायांनी पोटावर टाके घालून घेतले, ते पुढं सांगतोच.

गावात नवा डॉक्टर आला की आपण काय विचारतो? "हातगुण कसाय?" एका सुईत ताप उतरतो का, गुण येतो का. ऐकून घेतो का, हे कुणीच विचारत नाही. म्हणून मागच्या काही बैठकांत, पैसे जमा झाले, वही लिहून झाली की आम्ही एकच प्रश्न फिरवला. शेवटचं दवाखान्यात गेलात तेव्हा डॉक्टरच्या बोलण्यानं समाधान झालं का?

पहिलं उत्तर सगळीकडं सारखंच. "हो, चांगलेत डॉक्टर." चांगले म्हणजे काय? यावर थोडा वेळ कुणी बोलेना. मग एक वहिनी म्हणाल्या, "ओरडले नाहीत." सगळ्या हसल्या. हसून झाल्यावर ध्यानात आलं की बहुतेकींच्या मनात तेच उत्तर होतं. ओरडला नाही, घाई केली नाही, "लवकर का आणलं नाही" म्हणून सगळ्यांसमोर उतरवलं नाही, म्हणजे डॉक्टर चांगला.

मग ठरलं, की हाच प्रश्न घरी मालकांना, दिरांना, शेंद्र्याच्या कंपनीत जाणाऱ्या पोरांना विचारायचा. त्यांची उत्तरं वेगळी निघाली. "दोन दिवसांत कामावर उभं केलं." "उगाच तपासण्या लावल्या नाहीत." एका भाऊंचं उत्तर तर ध्यानात राहण्यासारखं होतं, "एक्स-रे उजेडाला धरून दाखवला, कुठं काय झालंय ते नीट समजावून सांगितलं." आम्ही एकमेकींकडं बघितलं. आपल्यापैकी कितीजणींना कुणी सोनोग्राफीचा कागद असा धरून दाखवला? आणि दाखवला असेल तर कुणाला? आपल्याला, की बरोबर आलेल्या मालकांना?

म्हणजे बघा, बाप्याला समाधान कशात वाटतं तर माहितीत, आणि आपल्याला कशात, तर अपमान झाला नाही यात. आपण मुळात मागतोच इतकं थोडं, की कुणी कागद घेऊन "दवाखान्याबद्दल समाधानी आहात का" असं विचारायला आलं तर आपण "हो" म्हणून मोकळ्या होतो. त्यात सासूबाई शेजारी बसलेल्या असल्या तर विचारायलाच नको.

आता डॉक्टरच्या खोलीतलं डोळ्यासमोर आणा. बाई स्टुलावर बसलेली, मालक शेजारी उभे. डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता विचारतात, "काय होतंय हिला?" मालक सांगतात, "जेवत नाही, अंगात कणकण असते." पाळी किती दिवस चालते, अंगावरून पांढरं जातं त्याला वास आहे का, संबंधाच्या वेळी दुखतं का, यातलं मालकांना काय ठाऊक असणार? आणि ठाऊक असलं तरी ते चारचौघांत सांगायचे का? बाई खाली बघून गप्प. गोळ्या लिहिल्या जातात कणकणीच्या, आणि खरं दुखणं स्टुलावरून उठून घरी परत येतं.

दुसरी गोष्ट हाक मारायची. आपल्या मराठीत माणसाला किती मान द्यायचा ते पहिल्या शब्दालाच कळतं. पुरुष आत गेला तर "या, बोला काका." बाई गेली, मग ती साठीची का असेना, "काय होतंय गं तुला?" पंचविशीतला शिकाऊ डॉक्टर आजीच्या वयाच्या बाईला "ए मावशी, इकडं सरक" म्हणतो. कुणी म्हणेल ते प्रेमानं म्हणतात. असेलही. "अगं" म्हणण्यात माया असते, हे आम्हालाही कळतं, आमच्या आयाही तसंच म्हणायच्या. पण मायेनं "अगं" म्हणणारा माणूस तोंडाकडं बघून म्हणतो. कागदाकडं बघून "अगं" म्हटलं तर त्यात माया नसते.

डॉक्टरांचीही बाजू आहे, ती सांगायला हवी. बाहेर रांग लागलेली असते. २०१७ साली जगातल्या ६७ देशांतली माहिती एकत्र करून एक अभ्यास छापला गेला, डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात याचा. स्वीडनमध्ये २२ मिनिटांच्या वर. आपल्या भारतात सुमारे २ मिनिटं. दोन मिनिटांत पदर सावरून, लाज गिळून, पांढरं जाण्याचं सांगायला सुरुवात करेपर्यंत पुढच्या नंबरला हाक गेलेली असते. आणि कित्येकदा डॉक्टर आपल्याला विचारतात तेव्हा आपणच मालकांकडं बघतो, हेही खरं आहे.

यावर आपल्या बायांचा एक जुना उपाय आहे, "बाई डॉक्टर पाहिजे." ही मागणी आजची नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला निघाल्या, तेव्हा त्यांनी जाहीर सभेत कारण सांगितलं होतं की या देशात बायांना बाई डॉक्टरची गरज आहे. त्यांचं स्वतःचं पहिलं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी, वयाची २२ वर्षंही पुरी व्हायच्या आत, पुण्यात वारल्या. त्याच १८८६ साली मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं, खास बायांसाठी आणि मुलांसाठी. तिथं तपासणाऱ्या डॉक्टरही बायाच. का, तर बाप्या डॉक्टरसमोर अंग उघडं करण्यापेक्षा बाया दुखणं अंगावर काढत, मरणही पत्करत. आजही आपल्यातल्या कित्येकी पुरुष डॉक्टर आहे असं कळलं की बाहेरच्या बाहेर परत फिरतात. आम्ही त्यांना नावं ठेवणार नाही. तपासणीच्या वेळी बाई डॉक्टर मागणं हे लाजाळूपण नाही, ती रास्त मागणी आहे.

पण मैत्रिणींनो, बाई डॉक्टर मिळाली की सगळं झालं का? यावर बैठकीत जोरात वाद झाला. एकीनं सांगितलं, बाळंतपणाच्या वेळी कळा येताना ती ओरडली तर आतल्या बाईमाणसानंच सुनावलं, "तेव्हा नाही वाटलं का काही?" हे वाक्य ऐकताच चार-पाच जणींनी माना हलवल्या. वेगवेगळ्या गावच्या बाया, वेगवेगळ्या दवाखान्यांत बाळंत झालेल्या, आणि वाक्य तेच. बाप्या असं बोलला असता तर गावानं दवाखान्यासमोर बैठक मारली असती. बाई बोलली म्हणून आपण ते वर्षानुवर्षं पोटात ठेवलं.

आणि उलटंही आहे. अमेरिकेत डेब्रा रॉटर आणि ज्युडिथ हॉल या दोघी अभ्यासक बायांनी पुष्कळ वर्षं हाच विषय धरला. त्यांनी सहकाऱ्यांसोबत २००२ साली बरेच अभ्यास एकत्र करून दाखवलं, की बाई डॉक्टर रुग्णाला सरासरी २ मिनिटं जास्त देतात. घरचं विचारतात, मनाचं विचारतात, धीर देतात, रुग्णाला निर्णयात सामील करून घेतात. आजाराची आणि औषधाची माहिती देण्यात मात्र पुरुष आणि बाई डॉक्टरांत फरक दिसला नाही. (त्यांच्याकडं जी दोन मिनिटं जास्तीची, ती आपल्याकडं सगळी मिळून!) मग २०११ साली हॉल आणि रॉटर यांनी रुग्णांच्या समाधानाचं गणित मांडलं. वाटलं असेल, बाई डॉक्टरांवर रुग्ण कितीतरी जास्त खूश असतील. तर फरक नावापुरताच निघाला. जास्त वेळ दिला, जास्त ऐकलं, तरी पदरात जास्तीचं काही पडलं नाही.

आम्हाला याचं नवल वाटलं नाही. आपल्या घरात हेच तर चालतं. बाईनं स्वयंपाक केला तर ते तिचं कामच, बाप्यानं चहा केला तर सगळ्या आळीत सांगत फिरायचं. पुरुष डॉक्टर दोन शब्द गोड बोलला की "किती साधे आहेत हो", आणि बाई डॉक्टर घाईत तुटक बोलली की "बाई असून अशी!" ती हुशार आहे का, निदान बरोबर करते का, हे मागं राहतं. पुरुषाला "डॉक्टरसाहेब" आणि तिला "मॅडम", कधी कधी तर "सिस्टर". आपल्याला तोलून बघणाऱ्यांवर आपण चिडतो, पण हा तराजू आपल्याही हातात आहे.

मग बाई की बाप्या, हा प्रश्न सोडून द्यायचा का? नाही. पण त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न हवा, की डॉक्टर कुणाशी बोलतात, आणि विचारतात काय. याची दोन उदाहरणं सांगतो, एक चांगलं आणि एक वाईट.

चांगलं गडचिरोलीचं. डॉ. राणी बंग यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या ६५० बायांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना पाळीचा, पिशवीचा किंवा जागेचा काहीतरी आजार निघाला. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बाया किती होत्या? शंभरात फक्त ८. म्हणजे दवाखान्याच्या दृष्टीनं या बायांना काही झालेलंच नव्हतं. तपासायच्या आधी त्या बायांना विचारलं गेलं. बाया कोणत्या शब्दांत सांगतात, कशाला लाजतात, कशाला घाबरतात, हे ऐकून घेतलं गेलं. राणीताईंच्या पुस्तकाचं नावच आहे 'कानोसा'. गटाच्या पेटीत एक प्रत असायला हरकत नाही.

वाईट उदाहरण बीडचं. आपल्या पाहुण्यारावळ्यांत ऊसतोडीला जाणारी माणसं आहेत, त्यांना हे सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा पडला तर दंड. फडावर ना संडास ना न्हाणी. पाळीत अंगावरून जास्त गेलं, ओटीपोटात दुखलं, पांढरं गेलं म्हणून बाई दवाखान्यात जायची. तिथं ऐकू यायचं, "पिशवी खराब झालीय. गाठ आहे. कॅन्सर होईल. काढून टाका." एवढंच. गाठ केवढी, कसली, गोळ्यांनी बरं होईल का, काढल्यावर शरीरात काय होईल, यातलं काही नाही. कॅन्सर म्हटल्यावर कोण थांबेल? उचल घेऊन, दागिना मोडून ऑपरेशनं झाली. २०१९ साली विधान परिषदेत हा विषय गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास १७. त्यानंतर बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यांनी हे ऑपरेशन करू नये, असं बंधन आलं.

आणि हे फक्त बीडचं किंवा ऊसतोडीचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पिशवी काढलेल्या बायांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन पस्तिशीच्या आतच झालेलं आहे. त्या वयात पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात, हृदयाचा धोका वाढतो. पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नाही. बहुतेक वेळा ते गोळ्यांनी बरं होतं. काही प्रकारात मालकांनाही औषध घ्यावं लागतं, आणि ते आपल्याला कुणी सांगतच नाही, कारण ते ऐकायला मालकांना आवडत नाही.

आम्हाला विचाराल तर बीडच्या त्या डॉक्टरांवर बाया त्या दिवशी समाधानी होत्या. कुणी ओरडलं नव्हतं. उलट "ताई, तुमच्या जिवाला धोका आहे" असं काळजीनं सांगितलं होतं. गोड बोलणं आणि खरं सांगणं यातला फरक इतका महाग पडतो.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो. दिल्लीला समीरा कोहली नावाच्या एक बाई १९९५ साली रक्तस्राव थांबत नाही म्हणून डॉक्टरकडं गेल्या. डॉक्टर बाईच होत्या, डॉ. प्रभा मनचंदा. दुर्बिणीनं तपासायचं म्हणून समीराबाईंना भूल दिली. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची सही घेतली आणि पिशवी व अंडाशयं काढली. वय ४४, शुद्धीवर आल्यावर कळलं. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १६ जानेवारी २००८ ला निकाल लागला. न्यायालय म्हणालं, डॉक्टरनं चांगल्या हेतूनं केलं असेल, पण जिवावर बेतलेलं नव्हतं, थांबता आलं असतं. शहाण्यासुरत्या मोठ्या बाईच्या अंगाचा निर्णय आई देऊ शकत नाही. संमती तिचीच हवी, आणि तीसुद्धा ऑपरेशन कशासाठी, त्यात धोका काय, दुसरा उपाय कोणता, हे सांगून घेतलेली. भरपाई २५,००० रुपयेच मिळाली. पण त्या निकालामुळं आज आपल्याला डॉक्टरसमोर बोट ठेवायला जागा आहे.

जे आईला लागू ते मालकांना आणि सासऱ्यांनाही लागू. गर्भपाताच्या कायद्यातसुद्धा १८ वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. दवाखान्यात मागितली तर विचारा, कोणत्या नियमानं? शांतपणे विचारा, भांडायचं काम नाही.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्रात नर्सिंग होमचे नियम २०२१ साली बदलले आणि खासगी दवाखान्यानं अशी सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावायचं ठरलं. पुढच्या वेळी गेलात तर ती भिंत बघा. त्यात लिहिलेलं असतं, की पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर दुसरी एक बाई तिथं हजर पाहिजे. आजाराची माहिती आपल्याला कळेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता आलं पाहिजे, आणि आपले कागद आपल्याला मिळाले पाहिजेत.

वाचायला बरं वाटतं. पण स्टुलावर बसल्यावर जीभ टाळूला चिकटते, ते आम्हाला माहीत आहे. म्हणून गटांनी काही सवयी लावून घेतल्यात. दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी एखाद्या शिकलेल्या पोरीकडून किंवा आशाताईंकडून कागदावर लिहून घ्यायचं. कधीपासून होतंय, पाळीची शेवटची तारीख, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि जे तोंडानं सांगायला लाज वाटते ते. सांगता येईना तर कागदच डॉक्टरपुढं ठेवायचा. घाईतल्या डॉक्टरलाही तो कागद बरा पडतो, असा आमचा अनुभव आहे. दुसरं, मालक आले तरी गटातली एक बाई सोबत असते. डॉक्टरनी मालकांना विचारलं की ती म्हणते, "साहेब, तिलाच विचारा, ती सांगेल." हे वाक्य आम्ही बैठकीत चक्क पाठ करून घेतलं. पहिल्या वेळी सगळ्या लाजल्या, आता सहज निघतं. मालकांना राग आला का? एक-दोघांना आला. बाकीच्यांना उलट सुटल्यासारखं झालं, कारण बायकोच्या पाळीबद्दल बोलायची लाज त्यांनाही वाटतच होती.

आणि पिशवी काढायला सांगितलं तर सही त्याच दिवशी करायची नाही. रक्त थांबत नसेल, जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर सोनोग्राफीचा कागद घ्यायचा, आणि घाटीत किंवा दुसऱ्या कुठल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडं एकदा दाखवून घ्यायचा. करमाडहून जालना रोडनं एसटीत बसलं की अर्ध्या दिवसाचं काम आहे. एका दिवसाचा रोज बुडेल. तो रोज गटाच्या अडचण निधीतून द्यायचा का, यावर अजून एकमत झालेलं नाही. काही जणी म्हणतात, पैसे कर्जाऊ द्यावेत. काही म्हणतात, असेच द्यावेत. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय आहे, तेव्हा तुमच्या गटाचं मत ठरवून या. ज्यांना दवाखान्यात सोबत हवी असेल त्यांनी आपल्या सीआरपी ताईंकडं नाव द्या. कशासाठी जायचंय ते सांगायची गरज नाही, फक्त दिवस सांगा.